कापडाची जमीन

छापील कापडाच्या धंद्यात पार्श्वभूमीला ‘जमीन’ म्हणतात. पांढऱ्या जमिनीवर लाल बुट्टा, पिवळट जमिनीवर काळी वेल, असे वर्णन दुकानदार करतो आणि गिऱ्हाईकही करते. शब्द इतका सरावाचा की त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. परंतु जयपूरजवळच्या सांगानेरचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहिला, की या एका शब्दाखाली दोन जमिनी दिसू लागतात : एक कापडाची आणि दुसरी पायाखालची. मराठी गावगाड्यात वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जागेला काळी म्हणण्याचा रिवाज आहे. सांगानेरच्या कापडावरची पांढरी कोणाच्या काळीच्या जिवावर राखली गेली, हा प्रश्न वेशभूषेचा वाटत नाही. पण तो वेशभूषेचाच आहे.

जयपूर शहर सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवले. सांगानेर त्याहून जुने. शहराच्या दक्षिणेस सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या या गावात छपाईला बहर आला तो दरबार जवळ आल्यानंतर. लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांना तिकडे छीपा म्हणतात. राजस्थानात हिंदू छीपे आहेत तसे मुसलमान छीपेही आहेत. आणि हिंदू छीप्यांपैकी पुष्कळ जण स्वतःला ‘नामदेव’ म्हणवतात. हे नामदेव म्हणजे पंढरीच्या विठ्ठलाचे नामदेवच. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि तेथे त्यांची ओळख छीपा अशी होते. मराठी मुलखात शिंपी, उत्तरेत छीपा. एकच संत दोन प्रांतांत दोन धंद्यांचा झाला. एकाने त्याच्या हाती सुई पाहिली, दुसऱ्याने ठसा. मराठी वाचकाने सांगानेरकडे परके गाव म्हणून पाहण्याचे त्यामुळे फारसे कारण उरत नाही.

सांगानेरची ख्याती तिच्या शुभ्र जमिनीसाठी. या शुभ्रतेमागे किती पाणी आहे हे कापड पाहून कळत नाही. जुन्या रीतीत कोरे कापड प्रथम धुऊन त्यातली खळ काढायची, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. हिरड्यातल्या तुरट द्रव्याने कापड पिवळसर होते आणि रंग धरायला तयार होते. मग लोखंड आणि तुरटी यांच्या लगद्यांनी ठसे उमटवायचे. लोखंडाचा लगदा करण्यासाठी गंजलेले तुकडे गुळाच्या पाण्यात काही आठवडे आंबवत ठेवतात; हिरड्याशी गाठ पडली की त्याचा काळा रंग होतो. तुरटीचा ठसा लाल रंगाच्या कढईत उकळेपर्यंत जवळजवळ अदृश्य असतो. कढईत धायटीची फुले टाकायची, ती जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून. त्यानंतर नदीकाठी कापड पसरून त्यावर पुनःपुन्हा पाणी शिंपडायचे आणि ऊन खाऊ द्यायचे, म्हणजे हिरड्याची पिवळी झाक उडून जमीन पांढरी होते. रेघेचा ठसा निराळा, भरणीचा निराळा, जमिनीचा निराळा. ठसा चांगला असेल तर हात चुकत नाही आणि हात चांगला असेल तर ठसा खपून जातो. परंतु पाणी चांगले नसेल तर दोन्ही व्यर्थ. सांगानेरच्या पाण्यात रंग खुलतो, ही त्या गावची जुनी प्रौढी होती.

अजमेरच्या रस्त्यावर, जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर बगरू आहे. तिथला छीपा पांढऱ्याच्या मागे लागला नाही. हिरड्याची पिवळट जमीन त्याने तशीच ठेवली. चिखल, चुना, डिंक आणि कीड लागलेल्या गव्हाचे पीठ यांचा लगदा करून त्याने ‘दाबू’ बनवला. दाबूने जो भाग झाकायचा तो निळीत बुडवल्यावरही कोरा राहतो, आणि लगद्याला जिथे तडा जातो तिथे निळीची एक अनाहूत रेघ उमटते. बगरूचे गिऱ्हाईक दरबारी नव्हते. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकरी आणि पशुपालक बायका त्याचे घागरे नेसत. तेव्हा दोन गावांतला फरक तंत्राचा होता तसा गिऱ्हाइकाचाही होता. ज्याला शुभ्र हवे होते त्याने सांगानेर घडवले. ज्याला मळखाऊ आणि टिकाऊ हवे होते त्याने बगरू.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जयपूरच्या छपाईला जगाची बाजारपेठ मिळाली. अनोखी ही संस्था १९७० मध्ये फेथ आणि जॉन सिंग यांनी सुरू केली. पुढे २००५ मध्ये आमेरच्या एका डागडुजी केलेल्या हवेलीत हातछपाईचे संग्रहालयही उघडले. अशा काही उपक्रमांनी ठशाला प्रतिष्ठा दिली यात शंका नाही. पण मागणी वाढली की प्रतिष्ठेच्या पाठोपाठ घाईही येते. सांगानेरात रासायनिक रंग आले, लांबलचक मेजांवर जाळीच्या चौकटींनी छापणे आले. एका ठशाला लागणारा वेळ चौकटीला लागत नाही. जयपुरी रजई आणि सांगानेरी चादर पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत पोचली ती या स्वस्ताईमुळेच. आणि सांगानेरजवळून वाहणारी द्रव्यवती, जिला लोक कित्येक वर्षे अमानीशाहचा नाला म्हणूनच ओळखत, ती रंगांचे सांडपाणी आणि शहराचे मैलापाणी वाहू लागली. त्या पाण्यावर खालच्या अंगाला भाजीपाला पिकवला गेला आणि तो जयपूरच्याच मंडईत विकला गेला. रंग खुलवणारे पाणी रंगानेच बुडाले.

प्रकरण न्यायालयात गेले. राजस्थान उच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगानेरच्या प्रदूषण करणाऱ्या रंगाई-छपाई कारखान्यांवर भरपाईपोटी उलाढालीच्या १५ टक्के रकमेचा भार टाकला. जो दूषित करतो त्याने भरावे, हे तत्त्व साधे आहे, आणि न्याय्यही. नदीसाठीही नंतर खर्च झाला. २०१६ पासून तिच्या ४७ किलोमीटरच्या पात्राचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले. कायद्याने जेवढे करायचे तेवढे उशिरा का होईना, केले असे म्हणता येईल. परंतु ‘दूषित करणारा’ कोण, हे ठरवण्याची कायद्याची रीत अशी की तो साखळीतला शेवटचा दिसणारा हात धरतो. नळी ज्याच्या आवारातून निघते तो दोषी. ज्याच्या इच्छेने नळी वाहते तो दिसत नाही, कारण इच्छेला आवार नसते.

छीप्याला विचारले तर तो म्हणेल, मागणी आली तसे छापले. व्यापारी म्हणेल, परदेशच्या किंवा मुंबईच्या खरेदीदाराने भाव बांधून दिला, त्यात पाणी शुद्ध करण्याचा खर्च बसत नव्हता. खरेदीदार म्हणेल, लोकांना हेच आवडते. आणि पेहरणारी व्यक्ती म्हणेल, मला ठाऊक नव्हते. यातले एकही विधान खोटे नाही. चार खरी विधाने एकत्र येऊन एक नदी नासते, हीच या प्रश्नाची खरी अडचण आहे. जुन्या नीतिविचाराला कर्ता लागतो. कर्म आहे तर ते कोणाचे, हे सांगता यावे लागते. येथे कर्म स्पष्ट आहे आणि कर्ता पातळ होत होत दिसेनासा होतो.

दोष आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टींत फरक केल्याशिवाय येथे पुढे जाता येत नाही. दोष वाटला जातो. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा लहान होतो, आणि हजारो वाटेकऱ्यांत तो शून्याच्या इतका जवळ जातो की माणसाला झोप लागते. उत्तरदायित्व तसे वाटले जात नाही. एका मुलाचे चार पालक असले म्हणून कोणाचे पालकत्व पाव होत नाही. उलट एकाने हात काढला तर उरलेल्यांचे वाढते. कपड्याशी माणसाचे नाते दोषाच्या हिशेबाने मोजले तर ग्राहक निर्दोष सुटतो. पालकत्वाच्या हिशेबाने मोजले तर सुटत नाही. ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार गेले, तेव्हा काही काळ जगभरच्या ग्राहकांना आपल्या अंगावरच्या सदऱ्याचे पालकत्व जाणवले. पण इमारत एका क्षणी पडते. नदी पडत नाही. ती वर्षानुवर्षे थोडी थोडी नासते, आणि तिच्यासाठी दुखवट्याचा दिवस ठरवता येत नाही.

या साखळीत अलीकडे एक नवा दुवा आला आहे. तो कापड विणत नाही, छापत नाही, शिवत नाही आणि बहुधा पेहरतही नाही. कशावर काय घालावे, कोणता रंग कोणत्या चेहऱ्याला द्यावा, कोणत्या भिंतीसमोर कोणाला उभे करावे, एवढे तो ठरवतो. धंद्यात त्याला स्टायलिस्ट म्हणतात. मराठीत वेशसंयोजक म्हणता येईल. जयपूर तर त्याचे आवडते ठिकाण. ते शहरच मुळी पाहुण्यासाठी नटलेले आहे; १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून ते गुलाबी रंगवले, असे सांगतात. हवामहालासमोर उभ्या केलेल्या सडपातळ मुलीच्या अंगावर सांगानेरी अंगरखा असतो आणि मागे, जरा धूसर, घागरा नेसलेली एखादी म्हातारी असते. छायाचित्राला ‘विविधता’ आली असे मानले जाते. म्हातारीकडे मात्र कोणी वेश म्हणून पाहिलेले नसते, देखावा म्हणून पाहिलेले असते.

वेशसंयोजकाचे साधन आहे इच्छा. एखादी वस्तू हवीशी वाटायला लावणे हे त्याचे काम. म्हणून त्याची जबाबदारी कारखानदाराच्या जबाबदारीपेक्षा निराळी आणि एका अर्थाने आधीची आहे. नदीपर्यंत कायदा पोचण्यापूर्वी रुची पोचलेली असते. डागरहित शुभ्र जमीन हवी, शंभर अंगरख्यांचा लाल तंतोतंत एकसारखा हवा, दोन ठशांचा सांधा दिसता कामा नये, माल तीन आठवड्यांत हवा : या चार अपेक्षांत सांगानेरच्या नाल्याचे अर्धे रसायनशास्त्र सामावले आहे. याउलट हिरड्याची पिवळट झाक सुंदर दिसू लागली, सोमवारचा लाल आणि गुरुवारचा लाल यांतला फरक हवामानाची खूण म्हणून वाचता येऊ लागला, तर तेवढी धुलाई, तेवढे विरंजन, तेवढे पाणी वाचते. सौंदर्यदृष्टी ही नीतीच्या बाहेरची गोष्ट आहे, असे मानण्याची एक परंपरा आहे. बगरूचे घागरे पाहिले म्हणजे ती टिकत नाही. तिथे पाण्याची काटकसर डोळ्याला आवडेल अशा रूपात आली होती.

अर्थात रुचीचाही बाजार होतो. ठशांचे चुकलेले सांधे हातकामाची खूण म्हणून आवडू लागले, तेव्हा यंत्रावरच्या छपाईतही ते मुद्दाम उमटवले जाऊ लागले. सांगानेरी आणि बगरू या दोन्ही हातछपायांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नक्कल थांबलेली नाही. जयपूर युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात २०१५ मध्ये हस्तकला आणि लोककलांसाठी समाविष्ट झाले. अशा नोंदींनी मालाचे नाव वाचते, पाण्याचे काय होते हे त्यांत लिहिलेले नसते.

‘नैसर्गिक’ या शब्दाचे तर आज इतके अवडंबर माजले आहे, की त्याच्याकडे जरा कठोरपणे पाहायला हवे. बगरूचा लाल एके काळी मुळांपासून निघे. गेले शतकभर तो बहुतांशी अलिझरीनपासून निघतो, आणि अलिझरीन १८६०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केले. दाबूची नीळ ज्या वनस्पतीची, तिच्या लागवडीसाठी बंगालच्या रयतेवर झालेल्या जुलमातून १८५९ चे बंड उभे राहिले, आणि चंपारणात गांधीजी गेले ते १९१७ मध्ये. त्या निळीत कृत्रिम असे काहीच नव्हते. झाडापासून आलेला रंग निष्पाप असतो हे म्हणणे इतिहासाला ठाऊक नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, कर्करोगकारक द्रव्ये सोडणाऱ्या अॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली आणि भारताने १९९७ मध्ये. त्याचा सांगानेरला फायदाच झाला. परंतु जर्मन नियमाचा रोख कशावर होता? त्वचेला दीर्घकाळ स्पर्श करणाऱ्या कपड्यावर. म्हणजे पेहरणाऱ्याच्या त्वचेवर. कोपरापर्यंत हात रंगात बुडवून उभ्या असलेल्या माणसाचे संरक्षण त्यातून झाले असेल, तर ते आनुषंगिक होते. कपड्याचा धोका तो कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढल्यानंतर जगाच्या लक्षात येतो; त्याआधी तो दहा जणांच्या हातांतून गेलेला असतो.

विविधतेचा प्रश्नही असाच दिसतो तितका सरळ नाही. राजस्थानातल्या जुन्या छपाईत बुट्ट्यांची केवढी समृद्धी! तिचे कौतुक करताना हे सांगितले जात नाही, की अनेक खेड्यांत कोणत्या जातीच्या बाईने कोणत्या छापाचा घागरा नेसावा, सधवेने कोणता आणि विधवेने कोणता, हे ठरलेले असे. घागऱ्यावरून बाईची जात दुरून वाचता येत होती. फॅशनच्या जगाला जी विविधता मोहवते ती पुष्कळदा बंधनांची बेरीज असते. महाराष्ट्राला हे निराळे सांगण्याची गरज नाही. विधवेचे अलवण काही फार जुने नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे भाषण केले, आणि त्यात वेशाचा विषय मुद्दाम काढला. लुगडे नेसण्याच्या ज्या रीतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती रीत आणि ते दागिने टाका, असा त्यांचा सांगावा होता. स्त्रियांनी तो तिथल्या तिथे मानला. लुगड्यांचे घोळ पायघोळ झाले. पारंपरिक वेशांच्या एखाद्या संग्राहकाने त्या दिवशी एक वैशिष्ट्यपूर्ण नेसण नष्ट झाली अशी हळहळ व्यक्त केली असती, तर त्याची माहिती बरोबर ठरली असती आणि दृष्टी आंधळी. त्या स्त्रियांनी वेगळेपण नाकारले, कारण ते वेगळेपण त्यांनी निवडलेले नव्हते.

म्हणून वेशातल्या विविधतेची कसोटी बुट्टे मोजून लागत नाही. जी बाई एक घागरा नेसते तिला दुसरा नेसता येतो का, आणि नेसला तर वेशीवर कोणी अडवते का, हे पाहावे लागते. ही कसोटी लावली तर जयपूरच्या बाजारात आज जे झाले आहे त्याला केवळ ऱ्हास म्हणणे अवघड जाते. जातीजातींचे छाप आता कोणीही घेते. दिल्लीची विद्यार्थिनी, पुण्याची प्राध्यापिका, पॅरिसची प्रवासी एकाच ढिगाऱ्यातून उचलतात. अर्थ गळून पडला, आणि अर्थाबरोबर बेडीही गळली. मात्र ज्यांच्या अंगावरून ती बेडी गळली त्याच बायकांना हे कापड आता परवडत नाही, ही त्याच व्यवहाराची दुसरी बाजू.

गांधीजींच्या खादीने पेहरणाऱ्याचे नाते कातणाऱ्याशी जोडले. कपडा अंगावर चढवणे ही नैतिक कृती असू शकते हे तिने कोट्यवधींना शिकवले. तिच्या हिशेबात सूत होते, हात होते, भूक होती. पाणी नव्हते, कारण त्या काळी ते संपेल असे कोणाला वाटले नव्हते. आज खादीचा तो हिशेब पुढे न्यायचा तर नुसता हातकामाचा शिक्का पुरेसा नाही, आणि नुसता बहिष्कारही नाही. जी गृहिणी सांगानेरी चादर घेणे तत्त्वासाठी बंद करते, तिचे मन स्वच्छ होते. छीप्याच्या चुलीवर त्याचा जो परिणाम होतो तो तिला दिसत नाही. जी घेत राहते, तिला नाला दिसत नाही. या दोन्ही न दिसण्यांच्या मध्ये कुठेतरी, अधिक किंमत देऊन कमी कपडे घेणारी, कमी शुभ्र मागणारी, विटलेला रंग विटू देणारी अशी एक रुची असायला हवी. ती दुकानात तयार मिळत नाही. ती मागणाऱ्यांना थोडे हास्यास्पदही वाटते.

आणि ज्यांच्यासाठी हे कापड मुळात छापले जात होते त्यांचे काय? बगरूच्या आसपासच्या खेड्यांत आज शेतावर निघालेल्या बाईच्या अंगावर बहुधा यंत्रावर छापलेली कृत्रिम धाग्याची साडी किंवा ओढणी असते. जिज्ञासू पाहुणा हे पाहून खिन्न होतो. परंपरा गेली असे त्याच्या मनात येते, आणि तो धागा शेकडो वर्षे कुजणार नाही हेही त्याला ठाऊक असते. तिचा हिशेब निराळा आहे. बगरूचा सुती घागरा जड; भिजला की आणखी जड. तो धुवायला पुष्कळ पाणी लागते, वाळायला अर्धा दिवस. ही साडी एका बादलीत निघते आणि झाडावर टाकली की घटकाभरात वाळते. हापसा दूर आहे, आणि पाणी डोक्यावरून आणायचे असते.